प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीपुरता आहे, रेडिएशन ठरलंय. पण त्यातलं कोणतं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. माझं वय ६७. हे सगळं लिहायला थोडं जड जातंय, पण इथले बरेच जण या वाटेनं जाऊन आलेत, म्हणून मोकळेपणानं मांडतो.

तीन महिन्यांपूर्वी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ११.२ आला. एमआरआयमध्ये ग्रंथीच्या डाव्या बाजूला संशयास्पद भाग दिसला, मग बायॉप्सी झाली. १४ तुकड्यांपैकी ५ मध्ये कर्करोग, ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण) ४+३=७, म्हणजे ग्रेड ग्रुप ३. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (हा रोग शरीरात कुठं पसरलाय ते दाखवणारा) ग्रंथीबाहेर कुठेही काही नाही. ग्रंथी ६२ सीसी. लघवीचा त्रास जुनाच आहे: धार बारीक, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

ऑपरेशनवर बोलणं झालं. हृदय बघता सर्जननीच रेडिएशनकडे जा म्हणून सुचवलं. खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. एक डॉक्टर म्हणतात २० सिटिंग. दुसरे म्हणतात ५ मध्ये होईल. तिसरे म्हणतात बाहेरून रेडिएशन आणि जोडीला ब्रॅकीथेरपी, म्हणजे ग्रंथीच्या आत किरणोत्सर्गी स्रोत ठेवून दिलेलं रेडिएशन. मुलगा म्हणतो प्रोटॉन सगळ्यात नवं, तेच घ्या. तिघाही डॉक्टरांनी मला भरपूर वेळ दिला, तिघांवरही माझा विश्वास बसला. त्यामुळेच ठरवता येत नाहीये. ज्यांनी यातलं काही घेतलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. वाईट अनुभव असेल तर तोही लिहा.

पाऊलवाट

उंबरठादादा, मी ६१ वर्षांचा. ग्लीसन ३+४, पीएसए ९. २० सिटिंग घेतली, जोडीला ६ महिने हार्मोनचं (म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन. संपून तीन वर्षं झाली. जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आधी ग्रंथीची जागा दिसावी म्हणून तिच्यात सोन्याचे तीन बारीक मार्कर टोचले, बायॉप्सीसारखंच. आठवड्यानं प्लॅनिंग सीटी, पोटाच्या खाली आणि दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके. रोजचं काम म्हणजे शौच साफ झालेलं हवं आणि मूत्राशय भरलेलं हवं. ठरलेलं पाणी पिऊन वाट बघायची. टेबलावर दहा-बारा मिनिटं, त्यातलं प्रत्यक्ष रेडिएशन दोन-तीन मिनिटांचं. दुखत काहीच नाही.

सहाव्या दिवशी मला टेबलावरून उतरवलं. गुदाशयात गॅस होता, त्यानं ग्रंथी पुढं ढकलली गेली होती. फेऱ्या मार, गॅस जाऊ दे, परत पाणी पी, परत ये. मी चिडलो होतो त्या दिवशी. आता वाटतं, ज्या विभागात असं उतरवतात तिथंच उपचार घ्यावा.

दुसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री सहा-सहा वेळा उठत होतो. लघवी मोकळी करणारी टॅमसुलोसिन सुरू केली. संपल्यावर महिना-दीड महिन्यानं पूर्ववत. चौदाव्या महिन्यात शौचाच्या वेळी दोनदा रक्त दिसलं, तपासणी झाली, रेडिएशनमुळे नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या म्हणाले, औषधाशिवाय थांबलं.

आणि जे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं ते: ताठरता लगेच जात नाही, हळूहळू कमी होते. पहिलं वर्ष चांगलं गेल्यामुळे मला वाटलं सुटलो. दुसऱ्या वर्षी फरक जाणवायला लागला. आता गोळी घेतो, उपयोग होतो. पण हे आधी माहीत असतं तर आम्ही दोघांनी ते वेगळ्या तऱ्हेनं घेतलं असतं.

समस्थानिक

मी रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, १४ वर्षं हेच काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे "तुम्ही हे घ्या" असं म्हणणार नाही. मात्र हे पर्याय एकमेकांशी कसे ताडून बघायचे ते सांगू शकतो.

आधी एक गुंता सोडवू. रुग्ण माझ्याकडे कागदावर नावं लिहून आणतात: व्हीमॅट, एसबीआरटी, सायबरनाइफ, आयजीआरटी, प्रोटॉन. आणि विचारतात यातलं कोणतं चांगलं. ही नावं एका रांगेत बसत नाहीत. व्हीमॅट म्हणजे किरणांच्या झोताला ग्रंथीचा आकार कसा द्यायचा त्याची रीत. आयजीआरटी म्हणजे रोज आधी प्रतिमा घेऊन ग्रंथी कुठं आहे ते बघणं. एसबीआरटी म्हणजे थोड्या सिटिंगमध्ये मोठा डोस. सायबरनाइफ हे एका यंत्राचं नाव, रोबोटच्या हातावर बसवलेलं लिनॅक (बाहेरून रेडिएशन देणारं यंत्र), ज्यानं एसबीआरटी देतात. तीच एसबीआरटी साध्या चांगल्या लिनॅकवर व्हीमॅटनंही देता येते. म्हणजे "व्हीमॅट की एसबीआरटी" हा प्रश्नच पडायला नको, एकाच उपचारात दोन्ही असू शकतात. तुमच्यापुढे खरे प्रश्न तीन आहेत: सिटिंग किती, आतून ब्रॅकीचा डोस जोडायचा का, आणि फोटॉन (नेहमीचे क्ष-किरण) की प्रोटॉन.

सिटिंगचं बघू. पूर्वी रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) असे ३९ दिवस देत, एकूण ७८ ग्रे. मग २० दिवसांत ६० ग्रे कसे पुरतात? आणि ५ दिवसांत ३६.२५? डोस कमी केला का? नाही. पेशींवर होणारा परिणाम ग्रेच्या बेरजेवर ठरत नाही, एका वेळी किती ग्रे पडले त्यावरही ठरतो. प्रत्येक ऊतीची ही संवेदनशीलता आम्ही अल्फा-बीटा गुणोत्तरानं मोजतो. बऱ्याच कर्करोगांत ते १० च्या आसपास असतं, प्रोस्टेटच्या कर्करोगात मात्र १.५ च्या आसपास. गुदाशयाच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांसाठी साधारण ३ धरतात. गुणोत्तर जितकं कमी तितकी ती ऊती मोठ्या डोसला जास्त दबते. म्हणजे इथं ट्यूमर शेजारच्या निरोगी अवयवापेक्षा मोठ्या डोसला जास्त हळवा आहे, हे क्वचित घडतं. १.५ धरून गणित केलं तर ३ ग्रेची २० सिटिंग ही २ ग्रेच्या हिशोबात जवळपास ७७ ग्रे होतात. त्यामुळे ६० हा आकडा बघून "कमी दिलं" असं वाटून घेऊ नका, आणि ५ सिटिंग म्हणजे सौम्य असंही समजू नका.

हे गणित रुग्णांवर तपासलं गेलंय. ब्रिटनमधल्या 'चिप' चाचणीत ३,२१६ पुरुष होते. ५ वर्षांनी रोग परतला नाही असे ७४ ग्रे/३७ सिटिंगच्या गटात ८८.३ टक्के, ६० ग्रे/२० च्या गटात ९०.६ टक्के. तिसरा गट ५७ ग्रे/१९ चा होता, तिथं ८५.९ टक्के. अवघ्या ३ ग्रेनं फरक पडला, यावरून डोसची वेस किती अरुंद असते ते कळेल. स्वीडन-डेन्मार्कच्या 'हायपो-आरटी-पीसी'त १,२०० पुरुष, ४२.७ ग्रे ७ सिटिंगमध्ये विरुद्ध ७८ ग्रे ३९ मध्ये: दोन्हीकडे ५ वर्षांनी ८४ टक्के. आणि 'पेस-बी'त ८७४ पुरुष, ५ सिटिंग विरुद्ध २० किंवा ३९: ९५.८ आणि ९४.६ टक्के.

आता उंबरठाकाका, इथं थांबून नीट वाचा. पेस-बीचे आकडे सगळ्यात देखणे आहेत आणि ५ सिटिंगसाठी तेच दाखवले जातात. पण त्या चाचणीत ग्लीसन ३+४ पर्यंतचेच पुरुष घेतले होते आणि कुणालाही हार्मोन दिलं नव्हतं. तुम्ही ४+३ आहात, म्हणजे जास्त आक्रमक पेशी बहुसंख्य. तुमच्यासारखे पुरुष त्या ९५.८ टक्क्यांत नाहीत. चिपमध्ये तुमच्यासारखे मध्यम धोक्याचे पुरुष बहुसंख्येनं होते आणि बहुतेकांना ३ ते ६ महिने हार्मोन दिलं होतं, जे तुम्हालाही सुचवलं जाईल. म्हणून २० सिटिंगमागचा पुरावा तुमच्या अंगाला जास्त नेमका बसतो. ५ सिटिंग ४+३ मध्ये देतात, ते चूक नाही. फक्त "माझ्यासारख्यांचे आकडे कोणत्या चाचणीत आहेत?" हे त्या डॉक्टरांना जरूर विचारा. मी स्वतः रुग्ण असतो तर यंत्राचं नाव विचारण्याआधी हे विचारलं असतं.

दुसरी बाब तुमची लघवी. पेस-बीत ५ सिटिंगच्या गटात ५ वर्षांत केव्हातरी मध्यम किंवा त्याहून जास्त लघवीचा त्रास झालेले २६.९ टक्के, दुसऱ्या गटात १८.३. शौचाच्या त्रासात फरक जवळपास नव्हता. ज्याची धार आधीच बारीक आहे त्याला हे आकडे जास्त लागू पडतात असं समजा.

उंबरठा

समस्थानिक, शतशः धन्यवाद. तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. ४+३ आणि ३+४ यांची बेरीज सातच, म्हणून मी दोन्ही एकच समजत होतो! तो विचारतो: प्रोटॉनमध्ये किरण पुढं जातच नाहीत, मग मागचं गुदाशय पूर्ण वाचणार नाही का?

समस्थानिक

प्रश्न अगदी रास्त आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली बरीचशी ऊर्जा सोडून थांबतो, हे खरं. पण प्रोस्टेटसाठी झोत सहसा दोन्ही बाजूंनी, खुब्यांच्या हाडांतून घालतात. समोरून घातला तर मूत्राशय आणि आतड्यात रोज जी हालचाल होते तिच्यामुळे झोत नेमका कुठं थांबेल याची खात्री राहत नाही, आणि पलीकडे लगेच गुदाशय आहे. बाजूनं घातल्यावर प्रोटॉनचा थांबण्याचा गुण गुदाशयाच्या दिशेनं वापरलाच जात नाही. ग्रंथीला चिकटलेली गुदाशयाची पुढची भिंत दोन्ही प्रकारांत पूर्ण डोसच्या टप्प्यात येते. कमी होतो तो लांबवर पसरणारा हलका डोस.

त्याचा रुग्णाला किती फायदा? 'पार्टीक्वॉल' चाचणीत ४५० पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं प्रोटॉन किंवा आयएमआरटीच्या (ग्रंथीच्या आकारात बसवलेल्या फोटॉन झोतांच्या) गटात वाटलं होतं. २०२४ मध्ये निकाल मांडले गेले. दोन वर्षांनी शौचाच्या त्रासाचे गुण दोन्हीकडे जवळजवळ एकच, रोगावरचा ताबाही तसाच. म्हणजे प्रोटॉन वाईट अजिबात नाही, पण प्रोस्टेटसाठी त्याच्या मागं धावाधाव करण्याचं कारण या आकड्यांत मला दिसत नाही. लहान मुलांचे मेंदूचे ट्यूमर, डोळ्याच्या मागचे, कवटीच्या तळाचे ट्यूमर, तिथं त्याचं मोल वेगळंच आहे.

एक विचारून ठेवतो: खुब्याचा सांधा बदललेला आहे का? धातू असेल तर प्रोटॉनची ही वाट बंद होते आणि सीटीवरही सावल्या पडतात. प्लॅनिंगच्या आधी सांगायला हवं.

उंबरठा

नाही, सांधे माझेच आहेत.

शेवंती

मला ब्रॅकीथेरपीची बाजू मांडायचीय, कारण इथं तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आमच्या ह्यांना ८ वर्षांपूर्वी आयोडीन-१२५ चे किरणोत्सर्गी कण बसवले. ग्लीसन ३+४, ग्रंथी ३४ सीसी. सकाळी दवाखान्यात गेलो, भूल दिली, गुदद्वार आणि अंडकोश यांच्या मधल्या जागेतून सुया घालून ७० च्या वर कण पेरले, दुसऱ्या दिवशी घरी. रोजची ये-जा नाही. पुढच्या तपासण्या सोडल्या तर उपचार तेवढाच.

पहिले दोन महिने लघवीनं छळलं हे खरं. एकदा लघवी तुंबून चार दिवस नळी लावावी लागली. नात तेव्हा दीड वर्षाची होती, तिला मांडीवर घ्यायचं नाही असं सांगितलेलं, ते ह्यांना सगळ्यात जड गेलं. आयोडीन-१२५ ची शक्ती साधारण ६० दिवसांनी निम्मी होते, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने जपायचं. आज पीएसए ०.१ च्या खाली आहे.

आणि उंबरठाभाऊ, तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी सुचवलंय त्यालाही भक्कम आधार आहे. 'असेंड-आरटी' नावाची चाचणी आहे. मध्यम आणि जास्त धोक्याचे ३९८ पुरुष. सगळ्यांना वर्षभर हार्मोन, ओटीपोटाला ४६ ग्रे बाहेरून, मग निम्म्यांना बाहेरूनच आणखी आणि निम्म्यांना कण. ९ वर्षांनी पीएसए न वाढलेले पुरुष: बाहेरून घेतलेल्यांत ६२ टक्के, कण घेतलेल्यांत ८३. एवढा मोठा फरक बघून ब्रॅकी बाजूला कशी सारायची?

मोगरा

शेवंतीताई, मी रेडिओथेरपीत नर्स आहे आणि ब्रॅकीच्या बाबतीत तुमच्याशी सहमत आहे. ज्याला ती झेपते त्याच्यासाठी फार चांगला उपचार आहे. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडाही सोबत यायला हवा. लघवीचा गंभीर स्वरूपाचा, म्हणजे काहीतरी प्रक्रिया करावी लागेल असा त्रास ५ वर्षांत कणांच्या गटात १८.४ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ५.२ टक्क्यांना. त्यातला बराच मूत्रमार्ग आकसण्याचा होता. आणि दोन्ही गटांतल्या एकूण आयुष्यमानात फरक दिसला नाही.

तुमच्या घरी ग्रंथी ३४ सीसी होती. उंबरठाकाकांची ६२ आहे, धार आधीच बारीक, आणि स्टेंटमुळे गोळी बंद करून भूल देणं म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी. आमच्याकडे ब्रॅकीला कुणाला घ्यायचं हे बघताना नेमक्या याच तीन गोष्टी आधी तपासतात. पूर्वी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडलं असेल तर तेही.

काका, लघवीच्या त्रासाचे गुण मोजणारा आयपीएसएसचा फॉर्म भरलात का? सात प्रश्न असतात, ३५ पैकी गुण. २० किंवा वर असतील तर तो तीव्र त्रास. कुठलंही रेडिएशन ठरवण्याआधी हा आकडा आणि लघवीच्या धारेची चाचणी कागदावर हवी. गुण नंतर वाढले तर किती वाढले हे तरच कळतं.

शेवंती

मोगराताई, बरोबर आहे. ग्रंथीच्या आकाराचा मी विचारच केला नव्हता. ह्यांचे गुण ६ होते. मला वाटतं आपलं जे चांगलं झालं तेच माणूस दुसऱ्याला सांगतो. उंबरठाभाऊ, माझ्या आग्रहाला तेवढंच वजन द्या.

समस्थानिक

शेवंतीताईंचं म्हणणं सोडून देऊ नका मात्र. ब्रॅकीचा एचडीआर हा प्रकारही आहे: कण आत ठेवत नाहीत, पोकळ सुयांमधून इरिडियम-१९२ चा स्रोत काही मिनिटं फिरवून बाहेर काढतात. घरी जाताना अंगात किरणोत्सर्गी काही नसतं, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न उरत नाही. कोणत्या सुईत कुठं किती सेकंद थांबायचं हे ठरवता येतं, म्हणून मूत्रमार्गाला जपणं जास्त हातात राहतं. बाहेरच्या रेडिएशनला जोड म्हणून १५ ग्रेचा एकच डोस बऱ्याच ठिकाणी देतात. पण फक्त एचडीआर, तेही १९ ग्रे एकदाच, असं करून पाहिल्यावर रोग परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. कुणी "एका दिवसात सगळं" सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

ब्रॅकी झेपत नसेल त्याच्यासाठी आणखी एक वाट निघालीय. 'फ्लेम' चाचणीत ५७१ पुरुष होते. सगळ्या ग्रंथीला ७७ ग्रे, आणि एका गटात एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीपुरता डोस ९५ ग्रेपर्यंत चढवला, शेजारच्या अवयवांची मर्यादा न ओलांडता. ५ वर्षांनी रोग न परतलेले ९२ टक्के विरुद्ध ८५, आणि त्रासात म्हणावा असा फरक नाही. काका, तुमच्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूला गाठ स्पष्ट आहे. "गाठीला वेगळा बूस्ट देता का?" हे विचारायला विसरू नका. मला व्यक्तिशः या चाचणीचा फार आनंद झाला होता, कारण त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. चांगला एमआरआय आणि प्लॅनिंगवर घालवलेले जास्तीचे तास लागतात.

गवाक्ष

मध्येच विचारतो, माफ करा. वडील ७०, पीएसए ३१, ग्लीसन ४+५, स्कॅनमध्ये पसरलेलं नाही. त्यांनाही हेच पर्याय का?

समस्थानिक

गवाक्ष, तुमचे वडील जास्त धोक्याच्या गटात येतात, त्यामुळे वेगळा धागा काढलात तर बरं. दोनच गोष्टी इथं. हार्मोन उपचार महिन्यांत नाही, दीड ते तीन वर्षांच्या हिशोबात चालतो, आणि रेडिएशनइतकाच महत्त्वाचा असतो. आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींना रेडिएशन द्यायचं का हे विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या 'पॉप-आरटी' चाचणीत असे २२४ पुरुष होते. ५ वर्षांनी पीएसए न वाढलेले, फक्त प्रोस्टेटला दिलेल्यांत ८१.२ टक्के आणि ओटीपोटासह दिलेल्यांत ९५.

उंबरठा

आयपीएसएस भरला. १७ आले. आणि हार्मोनबद्दल आज डॉक्टर म्हणाले ६ महिने. खरं सांगू का, मला रेडिएशनपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते. हृदयाचं काय?

पाऊलवाट

दादा, ते ६ महिने सोपे नव्हते. अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, रात्री घामानं जाग यायची, वजन चार किलो वाढलं, इच्छा शून्य, आणि कारण नसताना डोळे भरून यायचे. शेवटचं कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं मी खचलोय. रोज चालणं आणि हलकी वजनं उचलणं, याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. इंजेक्शन संपल्यावर साधारण सात-आठ महिन्यांनी मी माझ्यात परत आलो.

मोगरा

काका, हृदयाची काळजी बरोबर आहे, आणि ती डॉक्टरांपुढे ठेवायलाच हवी. या औषधांचे दोन प्रकार आहेत. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं, आणि दुसऱ्या पद्धतीनं काम करणारी डेगारेलिक्सचं इंजेक्शन किंवा रेलुगोलिक्सची रोजची गोळी. 'हीरो' चाचणीत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना रेलुगोलिक्सवर २.९ टक्के आणि ल्युप्रोलाइडवर ६.२ टक्के होत्या. ते रुग्ण पुढच्या टप्प्यातल्या रोगाचे होते आणि चाचणीचा मुख्य प्रश्न हृदयाचा नव्हता, म्हणून यावरून ठाम काही म्हणू नये. पण स्टेंट असलेल्या माणसानं कर्करोगाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावावं, एवढं नक्की. ६ महिन्यांऐवजी ४ चालतील का, हेही विचारा.

यात तुमच्या फायद्याचंही एक आहे. हार्मोननं दोन-तीन महिन्यांत ग्रंथी साधारण पाव ते एक तृतीयांशानं आकसते. ६२ ची ४५ झाली तर लघवीही सुधारेल आणि रेडिएशनचं क्षेत्रही लहान होईल. म्हणून आधी हार्मोन, मग रेडिएशन असा क्रम तुमच्यासारख्यांना बरेचदा देतात. या दोन-तीन महिन्यांत "रोग वाढेल का" म्हणून झोप घालवू नका, औषध चालू असताना तो दबलेलाच असतो.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत येतोय. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद कागदावर लिहून तिन्ही डॉक्टरांकडे पुन्हा गेलो.

५ सिटिंगवाल्या डॉक्टरांना विचारलं, माझ्यासारखे ४+३ कोणत्या चाचणीत आहेत? ते जरा थांबले आणि म्हणाले, तुमचा प्रश्न योग्य आहे. ग्रंथी ३५-४० ची आणि आयपीएसएस ८ च्या खाली असता तर मी आग्रह धरला असता, १७ वर नाही धरणार. ब्रॅकीवाल्या डॉक्टरांनी धारेची चाचणी बघून स्वतःच सांगितलं की नळी लागण्याची शक्यता बरीच आहे, आणि गोळी थांबवायला हृदयाचे डॉक्टर नाराज होते.

ठरलं असं: हार्मोन सुरू झालंय, कर्करोगाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचं बोलणं झाल्यावर इंजेक्शनऐवजी रेलुगोलिक्सची गोळी निवडली. अडीच महिन्यांनी २० सिटिंग, गाठीला थोडा बूस्ट, सोन्याचे मार्कर आणि रोज प्रतिमा. गुदाशय आणि ग्रंथी यांच्यामध्ये जेलची गादी घालायची का हा एकच प्रश्न उरलाय. कुणी घातलीय?

समस्थानिक

निर्णय ऐकून बरं वाटलं काका. जेलनं ग्रंथी आणि गुदाशय यांच्यात साधारण सेंटिमीटरभर अंतर तयार होतं, तीन महिने टिकतं आणि मग विरघळून जातं. चाचणीत तीन वर्षांनी गुदाशयाचा कोणत्याही पातळीचा त्रास जेल नसलेल्यांत ९.२ टक्के, असलेल्यांत २. फायदा खरा आहे, पण मूळ आकडाच लहान आहे हेही बघा. गाठ ग्रंथीच्या मागच्या कडेला चिकटून असेल तर घालत नाहीत. आणि टोचण्याची प्रक्रिया असल्यामुळे पुन्हा तुमच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा प्रश्न येतो. मार्कर टोचायच्या दिवशीच दोन्ही करता येतं.

पाऊलवाट

दादा, पुढे पीएसए मोजताना एक लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर तो शून्याजवळ जातो, रेडिएशननंतर तसं नसतं. हळूहळू दीड-दोन वर्षं उतरत राहतो आणि मध्येच उसळी मारू शकतो. माझा १८ व्या महिन्यात ०.५ वरून ०.९ झाला. तीन महिने मी घरात कुणाशी धड बोललो नाही. मग ०.४ वर आला. रोग परतला म्हणायला सगळ्यात खालच्या आकड्याच्या वर २ ची वाढ लागते, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते तीन महिने वाचले असते.

मोगरा

अजून एक राहिलंच, आणि हे सगळ्यांसाठी आहे. प्रोस्टेटच्या रेडिएशननंतर पुढच्या काही वर्षांत शौचातून रक्त आलं आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करायची ठरली, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा: "मी प्रोस्टेटला रेडिएशन घेतलंय, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढण्याआधी माझ्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोला." रेडिएशननं ती भिंत लालसर, संशयास्पद दिसते, म्हणून सहज बायॉप्सी घेतली जाते. तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि मूत्रमार्गापर्यंत छिद्र पडू शकतं. ब्रॅकी घेतलेल्यांत हा धोका जास्त. मी असा एक रुग्ण पाहिलाय. आमच्याकडे आता उपचार संपताना हे वाक्य कार्डावर लिहून देतो, ते पाकिटात ठेवायचं.

शेवंती

मोगराताई, आठ वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ह्यांची कोलोनोस्कोपी पुढच्या महिन्यात आहे. आत्ताच लिहून त्यांच्या फायलीत पहिल्या पानावर लावते.